चरा लाकडावर की पॉलिशवर?

टेबलावर चरा पडला की पहिला सल्ला मिळतो तो अक्रोडाचा. गर चऱ्यावर चोळायचा, थोडा वेळ थांबायचं, फडक्याने पुसायचं. एकाच्या टेबलावरचा चरा खरंच दिसेनासा होतो, दुसऱ्याचा जसाच्या तसा राहतो. त्यात अक्रोडाचा दोष नाही. दोन्ही टेबलांवरची आवरणं वेगवेगळ्या काळात शोधलेली असतात, आणि बारीक चरे बहुतेक वेळा लाकडावर नसून त्या आवरणावर पडलेले असतात. आवरणाच्या तुटलेल्या कडांवर प्रकाश विखुरतो, म्हणून चरा पांढरा दिसतो.

सर्वांत जुनी पद्धत तेल आणि मेणाची. अळशीचं तेल लाकडात मुरतं, हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं. वर मधमाश्यांचं मेण चोळायचं. इथे जाड पापुद्रा नसतोच, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे पुन्हा एकदा तेल लावणं. अक्रोडातही असंच सुकणारं तेल असतं, ते उघड्या लाकडाला गडद करतं. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: अळशीच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. तो पसरून वाळवा.

मग आली लाख. लाक्षागृहातली लाख ती हीच. लाखेचे किडे झाडांच्या फांद्यांवर राळेसारखा थर सोडतात. तो खरवडून, वितळवून, गाळून त्याचे पातळ पत्रे ओढतात आणि ते मोडले की होतो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार. १९व्या शतकात युरोपात महोगनीच्या सामानावर ते ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून गाजलं. सुती फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा, तो चिकटू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब द्यायचा आणि गोल गोल फिरवत पातळ थरांवर थर चढवायचे.

या पॉलिशचा मोठेपणा दुरुस्तीत कळतो. बारीक कुंचल्याने पॉलिशची एक रेघ चऱ्यावर ओढा. नव्या थरातलं स्पिरिट जुन्या थराच्या कडा मऊ करतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. जोड शोधूनही सापडत नाही. माझ्या मते घरच्या दुरुस्तीसाठी इतकं सोयीचं आवरण पुन्हा झालं नाही. पण गरम कप ठेवला की त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं, मद्य सांडलं तर तेच विरघळतं. त्यामुळे कारखाने दुसऱ्या वाटा शोधत राहिले.

पहिल्या महायुद्धापर्यंत नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ, प्रामुख्याने स्फोटकांसाठी लागे. १९२० च्या दशकात त्याचं लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं पातळ वार्निश, मोटारींवर आलं, मग फर्निचरवरही. फवारायचं आणि काही मिनिटांत वाळायचं! पॉलिशवाल्याचे अनेक दिवस वाचले. थिनरमध्ये तेही पुन्हा विरघळतं, म्हणून चरा बुजवता येतो.

खरा बदल पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या आवरणाने केला. ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत त्याचं रसायन शोधलं. यातले रेणू वाळताना एकमेकांत कायमचे गुंफले जातात. पाणी, स्पिरिट, थिनर काहीच त्याला सहजी विरघळवत नाही. नवा थर जुन्यात मिसळत नाही, फक्त वर चिकटतो. त्यासाठी आधी बारीक पॉलिश पेपर मारून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, आणि तरीही कधी कधी चऱ्याची कड तिरप्या उजेडात दिसतेच.

सनमायकाची, म्हणजे लाकडावर चिकटवायच्या कडक थरदार पत्र्यांची, गोष्ट वेगळी. १९१२ साली विजेच्या निरोधकांत अभ्रकाऐवजी वापरायला असे पत्रे बनवले गेले आणि पुढे ते टेबलांवर आले. तिथे दिसणारं ‘लाकूड’ म्हणजे छापील कागद. घासलंत तर तो कागदच निघेल. जुळत्या रंगाच्या मेणाने चरा झाकणं एवढंच हाती उरतं.

आपल्या टेबलावर यातलं काय आहे, ते खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला तपासा. कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा, मिनिटभर थांबा, बोट टेकवून बघा. चिकट लागलं तर लाख. नाही लागलं तर दुसऱ्या जागी थिनरचा थेंब. त्याने मऊ पडलं तर बहुधा लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर पॉलियुरेथेन किंवा त्याच्या जातकुळीतलं काहीतरी.