उंदराच्या मेंदूतल्या वासाच्या दोन वाटा

उंदराच्या नाकात वास टिपणाऱ्या मुख्य जागा दोन. एक आपल्यासारखीच, नाकपुडीच्या आत वरच्या अंगाला असलेलं अस्तर. दुसरी नाकाच्या पडद्याच्या बुडाशी दडलेली, द्रवाने भरलेल्या दोन बारीक नळ्यांची. डेन्मार्कच्या लुडविग याकोबसन यांनी १८१३ मध्ये पाळीव प्राण्यांच्या नाकातलं 'नवं इंद्रिय' म्हणून तिचं वर्णन केलं. नाव त्यांचं लागलं, पण हे इंद्रिय नेमकं करतं काय, याचा उलगडा पुढची दीडशे वर्षं नीटसा झाला नाही.

त्याचं एक कारण माणसाचा अहंकार असावा. १८७०च्या दशकाअखेर फ्रेंच मेंदूतज्ज्ञ पॉल ब्रोका यांनी सस्तन प्राण्यांची वासावर जगणारे आणि न जगणारे अशी वाटणी केली आणि माणसाला दुसऱ्या गटात बसवलं. वास म्हणजे जनावरांचं काम, हा समज त्यामुळे घट्ट झाला. गंमत अशी की इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी चेतापेशी काळ्या उमटवणारी आपली चांदीची रंगक्रिया सुरुवातीलाच लावून पाहिली ती घ्राणकंदावर, म्हणजे नाकातून निघालेले तंतू मेंदूत जिथे पहिल्यांदा पोचतात त्या गाठीवर. कुत्र्याच्या घ्राणकंदाचं त्यांचं चित्र १८७५चं आहे. पुढे स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ काहाल यांनीही याच भागात चेतापेशी सुट्या-सुट्या असल्याचे पुरावे शोधले. कंदाची अंतर्रचना अशी लवकर कळली. तिथून पुढे तंतू कुठे जातात, हे मात्र मागे राहिलं.

प्रश्नाला धार आली ती १९५९ मध्ये, लंडनमध्ये. नुकत्याच फळलेल्या उंदरीजवळ परका नर ठेवला तर तिचा गर्भ रुजतच नाही, असं हिल्डा ब्रूस यांना आढळलं. नर समोर असण्याचीही गरज नाही, त्याने मळवलेला भुसा पुरतो, हे त्यानंतर स्पष्ट झालं. 'फेरोमोन' (एका प्राण्याने सोडलेलं, त्याच जातीच्या दुसऱ्यावर परिणाम करणारं द्रव्य) हा शब्दही त्याच वर्षीचा. एखादा वास थेट संप्रेरकांवर हुकूम चालवत असेल, तर तो मेंदूत कोणत्या वाटेने जातो?

उत्तर मिळालं ते जरा क्रूर युक्तीने. कंदाला इजा करायची, काही दिवस थांबायचं, मग मेंदूचे पातळ काप घेऊन त्यांवर चांदीची प्रक्रिया करायची. मरू लागलेले तंतू तेवढे काळे उमटतात आणि त्यांच्या मागाने जाता येतं. सारा विनान्स आणि फ्रँक स्कॅलिया यांनी १९७० मध्ये सशात दाखवलं की याकोबसनच्या इंद्रियाचा स्वतःचा छोटा कंद आहे आणि त्याचे तंतू अमिग्डलाच्या (मेंदूतल्या, भावनांशी निगडित गाठीच्या) एका ठरावीक भागात उतरतात. मोठ्या कंदाचे तंतू त्या भागात जात नव्हते. १९७५च्या विस्तृत निबंधात दोघांनी हे दोन्ही नकाशे शेजारी मांडले. मोठ्या कंदाची वाट पिरिफॉर्म कॉर्टेक्स (वास ओळखणारा मेंदूचा बाह्यस्तर) आणि त्याच्या आसपास, छोट्याची अमिग्डलामार्गे संप्रेरकांचा कारभार पाहणाऱ्या हायपोथॅलॅमसकडे. 'दुहेरी घ्राणव्यवस्था' हे सूत्र त्यातून रूढ झालं. एक वाट वास ओळखायची, दुसरी नर-मादीच्या व्यवहाराची.

सूत्र सुटसुटीत होतं, आणि माझ्या मते तिथेच फसगत झाली. त्याच १९७५ मध्ये पॉवर्स आणि विनान्स यांनी नर हॅमस्टरांच्या याकोबसन-इंद्रियाच्या नसा तोडल्या, तर समागम बिघडला तो सुमारे एक-तृतीयांश नरांचाच. मुख्य अस्तरही निकामी केल्यावर मात्र सगळेच थंडावले. म्हणजे मोठी वाटही त्या कामात सामील होती. हे आकडे प्रसिद्ध झालेले होते, तरी पाठ्यपुस्तकांनी आकृती सरळ दोन बाणांचीच ठेवली.

१९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना उंदराच्या नाकात वास टिपणाऱ्या ग्राहींच्या (पेशींवरच्या प्रथिनांच्या) जनुकांचं प्रचंड मोठं कुटुंब सापडलं. मोजदाद हजाराच्या घरात गेली आणि २००४चं नोबेल त्यांना मिळालं. आता तंतू मारून पाहायची गरज उरली नाही. १९९६ मध्ये पीटर मोंबार्ट्स आणि सहकाऱ्यांनी एकच ग्राही वापरणाऱ्या पेशी निळ्या दिसतील असे उंदीर घडवले. अस्तरभर विखुरलेल्या त्या पेशींचे निळे तंतू कंदात मोजक्या गुच्छांवर येऊन मिळत होते. इतकी शिस्त पाहिल्यावर पुढेही असाच नकाशा असणार, अशी अपेक्षा होती.

तसं झालं नाही. २००७ मध्ये टोकियोत मोठ्या कंदाच्या वरच्या भागाला जाणाऱ्या पेशी नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना कोल्ह्याच्या स्रावातल्या द्रव्याचा वास येत होता, पण भीती वाटत नव्हती. त्या वासाला घाबरायला शिकवल्यावर ते घाबरूही लागले. उपजत भीती आणि शिकलेली भीती यांचे रस्ते 'साध्या' मानलेल्या मोठ्या वाटेतच वेगळे झालेले होते. २००९ मध्ये मोठ्या कंदाचे तंतू छोट्याची मक्तेदारी समजल्या जाणाऱ्या अमिग्डलाच्या भागातही थेट पोचतात, हे मादी उंदरांत दिसलं. २०११ मध्ये एकेका गुच्छापासून निघालेल्या तंतूंचा पुढवर माग घेतला गेला, तेव्हा पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये ते मूठभर तांदूळ उधळावेत तसे सगळीकडे पसरलेले होते. तेच तंतू अमिग्डलाच्या पृष्ठभागावर मात्र ठरल्या जागी, दाटीने उतरत होते.