रबरी बोट घेण्याआधी: नोंदणी, धरणाची परवानगी आणि ट्रेलरचे पासिंग

हवा भरायची लहान बोट घडी घालून गाडीच्या डिकीत मावते, म्हणून तिची कागदपत्रेही तशीच आटोपशीर असतील असा समज होतो. बहुतेक जण बोट आधी घेतात, इंजिन नंतर शोधतात, ट्रेलर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतात आणि नियमांची चौकशी सर्वांत शेवटी, म्हणजे पहिले त्रुटीपत्र हातात पडल्यावर करतात. गेली काही वर्षे मित्रांचे आणि त्यांच्या मित्रांचे असे अर्ज भरून देताना लक्षात आले आहे की अर्ज अडतात ते नियम फार कडक असल्यामुळे नव्हे. तीन वेगवेगळ्या कार्यालयांची तीन वेगवेगळी कागदपत्रे अर्जदार एकच समजून चालतो, म्हणून ते अडतात. बोटीची नोंदणी बंदर खात्याकडे, पाण्यात उतरण्याची परवानगी त्या पाण्याच्या मालकाकडे आणि ट्रेलरची नोंदणी आरटीओकडे होते. यांपैकी एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

नोंदणी कोणाला लागते, हे आधी पाहू. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा कायदा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला असून तो यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या नौकांना नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा बंधनकारक करतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजे मेरीटाइम बोर्ड पाहते आणि गोव्यात पणजीचे कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालय. केवळ वल्ह्याने चालणाऱ्या बोटीला ही प्रक्रिया लागू होत नाही. तिची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर ठेवण्याची वेगळी तरतूद आहे. घोटाळा होतो तो बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरीच्या बाबतीत. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही, तेव्हा ही मोटर इंजिनात धरली जाणार नाही असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. कायदा मात्र यांत्रिक साधनाने चालणारी नौका एवढेच पाहतो, आणि विजेवर चालणाऱ्या नौकांचा तर त्यात स्वतंत्र विचार केलेला आहे. त्यामुळे मागच्या फळीला मोटर लावली की बोट नोंदणीच्या कक्षेत आली असे धरून चालावे.

सर्वांत जास्त अर्ज परत येतात ते बिलामुळे. मालकीचा पुरावा म्हणून बिल जोडायचे असते, आणि बोटीच्या बिलावर नुसते 'इन्फ्लेटेबल बोट, १ नग' असे लिहिलेले असले तर त्या बिलावरून कोणती बोट विकली गेली हे सिद्धच होत नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीने बनवलेल्या बोटीला चौदा अक्षरी क्रमांक असतो, तो मागच्या फळीच्या उजव्या बाजूला कोरलेला किंवा चिकटवलेला आढळतो. हा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक, दोन्ही बिलावर अक्षर न् अक्षर यायला हवेत. विक्री झाल्यावर बिल दुरुस्त करून द्यायला दुकानदार टाळाटाळ करतात, कारण त्यांच्या दृष्टीने जीएसटीचा हिशेब तेव्हा मिटलेला असतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी बिलाचा मसुदा मागून क्रमांक स्वतः ताडून पाहावेत.

अक्षर न् अक्षर हे शब्द मी अनुभवाने वापरतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जात बिलावर इंजिनाच्या क्रमांकातले तिसरे चिन्ह इंग्रजी 'ओ' असे छापले होते आणि इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर ते शून्य होते. संबंधित लिपिकाने दोन्हींखाली लाल रेघ मारून फाईल परत केली. तेव्हा मला फार राग आला होता. दुकानदाराचे दुरुस्तीपत्र, माझे प्रतिज्ञापत्र आणि त्या पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा, एवढे जोडल्यावर काम झाले. मधल्या काळात दीड महिना गेला. गाडीच्या चेसिस क्रमांकाचा ठसा घेतात तसाच हा ठसा अर्जासोबत आधीच जोडलेला बरा. पट्टी नुसत्या स्टिकरची असेल तर ठसा निघत नाही, अशा वेळी क्रमांक स्पष्ट वाचता येईल इतक्या जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे. शिवाय खाऱ्या पाण्यात हे स्टिकर दोन हंगामांत पुसट होतात, त्यामुळे छायाचित्र बोट नवी असतानाच काढून ठेवावे.

इंजिनाच्या क्रमांकाचा एवढा आग्रह का, हेही समजून घेतले तर चिडचिड कमी होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले ते हवा भरलेल्या रबरी बोटीतूनच, आणि तिच्या आउटबोर्ड इंजिनाचा पुढे तपासात पुरावा म्हणून उपयोग झाला. तेव्हापासून किनाऱ्यावर बिनकागदाची रबरी बोट दिसली की सागरी पोलिसांना ती सहल वाटत नाही. अलिबाग-मुरुड पट्ट्यात किंवा मालवणला बोट उतरवायची असेल तर नोंदणीच्या प्रतीखेरीज जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात आगाऊ कळवून त्या पत्राची पोच जवळ ठेवावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

परदेशातून मागवलेल्या बोटीची गोष्ट आणखी वेगळी. ऑनलाइन पावती आणि बँकेचा उतारा मालकी दाखवतात, पण माल कस्टममधून शुल्क भरून सुटला हे दाखवणारा कागद म्हणजे बिल ऑफ एंट्री. कुरिअरने आलेल्या पार्सलसाठीही ती भरलेली असते, मात्र ती कुरिअर कंपनीकडे राहते आणि मागितल्याशिवाय कोणी पाठवत नाही. पार्सल हातात पडल्याच्या आठवड्यातच तिची प्रत मागून घ्यावी. वर्षभराने तोच कागद शोधायला लावले की कंपनीच्या दूरध्वनीवरचे संगीत तोंडपाठ होते. जुने इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगणे आहे की मूळ बिल किंवा आधीच्या मालकाच्या नावची नोंदणी नसेल तर ते इंजिन कितीही चांगले चालत असले तरी अर्जासाठी ते नसल्यासारखेच आहे.

दुसरा अडथळा अश्वशक्तीचा. बोटीवर निर्मात्याची एक लहान पट्टी असते, तिच्यावर जास्तीत जास्त माणसे, वजन, हवेचा दाब आणि इंजिनाची कमाल शक्ती लिहिलेली असते. ही शक्ती बहुधा किलोवॅटमध्ये असते आणि इंजिन विकले जाते अश्वशक्तीत, तिथे गल्लत होते. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॅट. पट्टीवर ४.५ किलोवॅट असेल तर बोटीला फार तर सहा अश्वशक्तीचे इंजिन चालते. त्यावर १५ अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ११ किलोवॅटचे इंजिन लावून आणले तर सर्वेक्षक ते नाकारणारच, आणि योग्य कारणाने नाकारेल, कारण एवढ्या जोराने फळीचा डिंक सुटू शकतो.

अर्ज, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि शुल्क हे सर्व नेहमीप्रमाणे. त्यात कोणी अडकलेले मी पाहिलेले नाही. फक्त अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

सर्वेक्षणाच्या दिवशी बोट तपासली जाते आणि इथे देखभालीचा संबंध येतो. रबरी बोटीच्या नळ्यांत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी बाकीच्यांनी बोट तरंगती राहावी म्हणून. त्यामुळे प्रत्येक कप्पा हवा धरतो की नाही हे पाहिले जाते. आदल्या संध्याकाळी बोट फुगवून ठेवावी आणि झडपा व सांधे यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. सकाळी बोट किंचित सैल वाटली तर घाबरू नये, रात्रीच्या गारव्याने दाब उतरतोच. पण एकच बाजू लोळत असेल तर तारीख पुढे मागून घेतलेली बरी. उलट दुपारी बारा वाजता कडक फुगवलेली बोट मे महिन्याच्या उन्हात ठेवली तर दाब इतका वाढतो की शिवण तिथेच उकलते. लाइफ जॅकेट पट्टीवर लिहिलेल्या माणसांइतकी असावीत, आपल्या कुटुंबाइतकी नव्हे. एरवीची देखभाल साधी आहे: खाडीतून आल्यावर बोट गोड्या पाण्याने धुवावी, इंजिनातून गोडे पाणी फिरवावे, पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नये, आणि पावसाळ्यात ती जमिनीवर न ठेवता टांगून किंवा मांडणीवर ठेवावी, कारण उंदरांना या कापडाचे विलक्षण आकर्षण असते आणि घडीत पडलेले एक भोक उलगडल्यावर चार ठिकाणी निघते.

आता तारखांविषयी, कारण दरवर्षी तीच चूक होते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, ती ध्यानात धरून लोक समजतात की आपल्यालाही ३१ मेपर्यंत मुभा आहे. किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा मात्र २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद राहतात. मेच्या पहिल्या आठवड्यात अर्ज देऊन महिनाअखेरीस पाण्यावरची चाचणी मागणाऱ्याला सप्टेंबर दाखवला जातो, आणि मग तो कार्यालयाला बोल लावतो. कार्यालये संथ आहेत हे खरेच. पण या एका बाबतीत दोष त्यांचा नाही. बोट उन्हाळ्यात वापरायची असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास द्यावा.

नोंदणी हाती आली की अर्जदाराला सर्व पाणी मोकळे झाल्यासारखे वाटते. नव्या कायद्यानुसार एका राज्याची नोंदणी देशभरातल्या अंतर्देशीय पाण्यात ग्राह्य आहे, हे खरे. त्यामुळे महाराष्ट्रात नोंदलेली बोट गोव्यात मांडवीवर नेली तर पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. पण ग्राह्य नोंदणी म्हणजे प्रवेशाची परवानगी नव्हे. धरणाचा जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो आणि तिथे बोट उतरवायला संबंधित कार्यकारी अभियंत्यांची लेखी परवानगी लागते. खडकवासला आणि पवना ही पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पिण्याच्या पाण्याची धरणे, तिथे पेट्रोलचे इंजिन म्हटले की भुवया उंचावतात. मुळशी, वळवण, ठोकरवाडी ही टाटांची धरणे, तिथे शासकीय अभियंत्याचे पत्र घेऊन जाण्यात अर्थ नाही, परवानगी कंपनीकडेच मागावी लागते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाला लागून अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प असल्याने तिथे वन विभागही येतो. काठावरच्या शेतमालकाने किंवा रिसॉर्टवाल्याने दिलेली 'खुशाल उतरवा' ही तोंडी संमती त्याच्या जमिनीपुरती असते, पाण्यापुरती नाही. हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल त्याची गणती नाही. म्हणूनच कोणत्या पाण्यात बोट चालवायची ते आधी ठरवावे, त्या मालकाकडे लेखी विचारणा करावी, नकार आला तर बोटच घेऊ नये.

ट्रेलरचा विषय शेवटी घेतला, कारण शक्य असेल तर तो टाळावा असेच माझे मत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. त्याला स्वतःचे इंजिन नसले तरी त्याची नोंदणी, नंबर प्लेट आणि तृतीय पक्ष विमा लागतो. अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विक्री प्रमाणपत्र नमुना २१ मध्ये आणि निर्मात्याचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र नमुना २२ मध्ये, इथपर्यंत कागद जमतात. त्यापुढे चाचणी संस्थेच्या मान्यतेचा प्रश्न येतो, आणि हाच तो कागद जो कोणाकडेच नसतो. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांनी निर्मात्याच्या नमुन्याला मान्यता दिलेली असावी लागते. भोसरीत किंवा कुडाळात वेल्डिंग करून घेतलेला ट्रेलर कितीही मजबूत असो, त्याला ना मान्यता असते ना कोरलेला चेसिस क्रमांक, आणि नंतर कितीही पैसे खर्चून ते कागद मिळवता येत नाहीत. विक्रेता 'पासिंग होऊन जाईल' म्हणाला तर त्याने आधी पास करून दिलेल्या त्याच नमुन्याच्या ट्रेलरच्या नोंदणीची प्रत दाखवायला सांगावी. ट्रेलर ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो. ही मुदत बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत आणि घरापर्यंतच्या प्रवासाचा काळ त्यातून वगळला जातो, म्हणून ताबा पावतीवर तारीख लिहून घ्यावी. गाडीच्या विमा कंपनीलाही ट्रेलर ओढणार असल्याचे लेखी कळवावे. तीन-साडेतीन मीटरच्या बोटीसाठी हा सारा व्याप करण्यापेक्षा काठावर जाऊन वीस मिनिटे पायपंप मारणे पुष्कळ सोपे आहे.

बोट विकायची वेळ आली तर नोंदणी नव्या मालकाच्या नावे करून द्यावी. अनेक जण बोट एकाला आणि इंजिन दुसऱ्याला विकतात आणि नोंदणीपत्र घरातच ठेवतात. अशा वेळी इंजिन काढल्याचे नोंदणी कार्यालयाला लेखी कळवून त्या पत्राची पोच जपून ठेवावी, कारण ते इंजिन उद्या कोणत्याही खाडीत सापडले तरी कागदोपत्री ते तुमचेच असेल.