खिशातलं पिस्तूल शिकारीला कसं आलं

अमेरिकेत ससे आणि खारी मारायला ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक, घेऊन जाणारे शिकारी आजही आहेत. त्यातल्या काहींना कमरेला एखादं आटोपशीर ठासणीचं पिस्तूलही हवं असतं. जखमी जनावर तडफडत राहू नये, शेवटचा बार जवळून देता यावा, हे त्याचं मुख्य कारण. मग कोणतं घ्यावं हा प्रश्न येतो आणि नजर हमखास सगळ्यात छोट्या पिस्तुलावर जाते. या शस्त्राची हकिगत ठाऊक असेल तर ती निवड चुकीची का आहे ते लगेच कळतं.

सुरुवात खरोखर शिकारीतूनच झाली. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनशायरातल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर जॉन फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. तेव्हाची बंदूक चकमकीची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणग्या बाहेरच्या पेल्यातल्या रंजकेवर म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर पडायच्या, ती भपकन पेटायची आणि तिचा जाळ बारीक भोकातून शिरून नळीतल्या दारूपर्यंत पोहोचायचा. चाप आणि बार यांच्यात क्षणभराचं अंतर राहायचं. तेवढं पक्ष्याला पुरायचं. भपका दिसला की छर्रे पोहोचायच्या आत तो निसटलेला असायचा. फोर्सिथ यांनी रंजक काढून टाकली आणि तिच्या जागी नुसत्या ठोक्याने पेटणारं रसायन आणलं. लंडनच्या टॉवरमध्ये त्यांनी सरकारसाठी काही काळ काम केलं, पण वरचा अधिकारी बदलला आणि ते काम थांबवलं गेलं. १८०७ मध्ये त्यांनी स्वतःच पेटंट घेतलं. एका हौशी शिकाऱ्याच्या अडचणीतून पुढे जगभरच्या फौजांच्या बंदुका बदलल्या, हे मला या इतिहासातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

पुढे हेच रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसवलं गेलं. ही टोपी पहिल्यांदा कोणी केली यावर अनेकांनी हक्क सांगितला. फिलाडेल्फियात स्थायिक झालेले इंग्रज चित्रकार जोशुआ शॉ यांना १८२२ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीवर बसवतात ती ‘केप’ हीच. केप आली आणि बाहेरचा पेला गेला, त्याचं झाकण गेलं, सांडणारी रंजक गेली. पावसाची धास्तीही बरीच कमी झाली. पिस्तूल आता कोटाच्या खिशात मावण्याइतकं सुटसुटीत झालं.

त्याच फिलाडेल्फियात हेन्री डेरिंजर यांनी अशी खिशातली पिस्तुलं घडवली. लोक ती बहुधा जोडीने विकत घेत, कारण एकात एकच बार. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने लिंकन यांच्यावर झाडलं ते डेरिंजरच. सगळं मिळून जेमतेम १५ सेंटिमीटर लांब आणि वजन पाव किलोच्या आत. त्याच्या नळीत आटे म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा होत्या, पण नळीच इतकी आखूड की नेम धरण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. ते टेबलापलीकडच्या माणसासाठी केलेलं शस्त्र होतं. वीस पावलांवर दबा धरून बसलेल्या सशाचा विचार त्यात कुठेही नव्हता.

जंगलात फिरणाऱ्यांची परंपरा वेगळी. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीच्या रायफली घडवल्या. त्यांनी पिस्तुलं कमी केली, पण जी केली त्यातल्या अनेकांचं भोक मालकाच्या रायफलीच्याच मापाचं असे. म्हणजे गोळ्या ओतायला साचा एकच, थैलीही एकच. हा साधा व्यवहार आजही उपयोगी आहे.

१८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने धातूच्या काडतुसाचं, म्हणजे दारू, गोळी आणि पेटवण एकाच पुडीत असलेलं, छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं आणि काही दशकांत ठासणीचं पिस्तूल अडगळीत गेलं.

त्याला बाहेर काढलं हौशी लोकांनी. १९३३ मध्ये अमेरिकेत ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९५४ मध्ये टेनेसीतल्या युनियन सिटीत टर्नर कर्कलंड यांनी डिक्सी गन वर्क्स हे जुन्या बंदुकांचं दुकान सुरू केलं. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तशी मागणी वाढली आणि इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या जुन्या बंदूककारांच्या गावात प्रतिकृती तयार होऊ लागल्या. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने जुन्या धाटणीच्या या शस्त्रांना इतर बंदुकांच्या बऱ्याच बंधनांतून वगळलं. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे राहिले. १९७० च्या दशकात न्यू हॅम्पशरच्या थॉम्पसन सेंटर कंपनीचं ‘पेट्रियट’ आलं. द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलाची घडण, सुमारे ९ इंची नळी आणि नेमासाठी जुळवता येणारी मागची खाच. हे डेरिंजरच्या घराण्यातलं नव्हतं. हे नेमाचं पिस्तूल होतं.

आपल्याकडे हे सगळं वाचण्यापुरतंच. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि त्यातून ससाही सुटलेला नाही. परदेशात परवाना काढून या छंदात शिरलेल्या मराठी माणसांसाठी मात्र निवडीचा प्रश्न खरा आहे.

त्यांनी नळीच्या लांबीबरोबर भोकाचं मापही पाहावं. खारीच्या शिकारीच्या जुन्या रायफलींचं माप .३२ किंवा .३६ इंच असे. .३२ ची गोल गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, .४५ ची ८ ग्रॅमच्या पुढे. व्यास दीडपटही वाढत नाही, पण शिसं जवळजवळ तिप्पट होतं. बाजारातली बहुतेक ठासणीची पिस्तुलं .४५ किंवा .५० ची असतात, म्हणून छोट्या शिकारीसाठी .३६ चं, लांब नळीचं एखादं मिळालं तर ते सोडू नये. रायफलही .३६ ची असेल तर साचा एकच पुरतो. डेरिंजरची प्रतिकृती संग्रहाच्या कपाटात ठेवावी.