'कॉलोनायझेशन' कादंबरीत्रयी आणि तिच्याविषयीची वाचकमते

'कॉलोनायझेशन' ही अमेरिकन लेखक हॅरी टर्टलडव्ह यांची तीन भागांची विज्ञान कादंबरी असून 'सेकंड कॉन्टॅक्ट' (1999), 'डाउन टू अर्थ' (2000) आणि 'आफ्टरशॉक्स' (2001) हे तिचे भाग आहेत. 1994 ते 1996 या काळात आलेल्या 'वर्ल्डवॉर' या चार खंडांच्या मालिकेचा हा पुढचा टप्पा होय. 2004 मध्ये 'होमवर्ड बाउंड' ही आठवी कादंबरी निघाली आणि कथानक तिथे थांबले. पर्यायी इतिहास या प्रकारात परग्रहावरील आक्रमण आणणारी ही बहुधा सर्वांत विस्तृत मालिका असावी. मराठी वाचकाला पर्यायी इतिहासाची ओळख प्रामुख्याने जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेमुळे आहे. तिथे पानिपतावर विश्वासराव बचावतात आणि पुढचा सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. टर्टलडव्ह यांच्याकडे ही वाट 1942 मध्ये फुटते.

लेखकाने बायझंटाइन इतिहासात डॉक्टरेट मिळवली आहे आणि हे शिक्षण मालिकेत पदोपदी जाणवते. आक्रमक सरड्यासारखे दिसणारे आहेत. त्यांच्या जमातीला 'रेस' असे नाव आहे आणि त्यांचे साम्राज्य टाउ सेटी या ताऱ्याच्या ग्रहावरून चालते. बाराव्या शतकात त्यांच्या टेहळणी यानाने पृथ्वीची छायाचित्रे घेतली. त्यांत चिलखत घातलेला, घोड्यावर बसलेला सरदार दिसला. लाखभर वर्षांची परंपरा असलेल्या या समाजात कोणताही बदल शतकानुशतके तोलून मापून होतो. साहजिकच आठशे वर्षांनी आपले आरमार पोचेल तेव्हाही समोर तलवारी आणि भालेच असतील, असा त्यांचा हिशेब होता. पोचल्यावर त्यांना दिसले दुसरे महायुद्ध, रणगाडे आणि रडार. जर्मनी, सोव्हिएत संघ, अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांना आपापसातले युद्ध बाजूला ठेवून त्यांच्याशी लढावे लागते. दोन्ही बाजूंनी अणुबॉम्ब वापरले जातात आणि अखेर 1944 मध्ये कैरोत तह होतो. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन, भारत आणि पोलंड रेसच्या ताब्यात राहतात. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जर्मन राइख स्वतंत्र राहतात. ब्रिटन आणि जपान कसेबसे तग धरतात.

त्रयीची सुरुवात 1962 मध्ये, म्हणजे तहानंतर अठरा वर्षांनी होते. कोट्यवधी वसाहतकऱ्यांना शीतनिद्रेत घेऊन आलेले दुसरे आरमार पृथ्वीच्या कक्षेत शिरते. जिंकलेला, शांत झालेला ग्रह मिळेल या भरवशावर ते मायभूमीवरून निघालेले असते. इथे आल्यावर मानवांचे उपग्रह आणि क्षेपणास्त्रे डोक्यावर फिरताना दिसतात. थोड्याच वेळात कोणीतरी या आरमारावर अण्वस्त्रांचा हल्ला करते आणि काही जहाजे झोपेतल्या प्रवाशांसह नष्ट होतात. हल्ला कोणी केला, हा प्रश्न तिन्ही खंडांना बांधून ठेवतो.

वाचकांची मते दुभंगतात ती मुख्यतः इथेच. 'वर्ल्डवॉर' वाचून आलेल्यांना रणांगण हवे असते. सोव्हिएत वैमानिक लुडमिला गोर्बुनोव्हाचे लाकडी दोन पंखी विमान झाडांच्या शेंड्यांना चाटून जायचे, जर्मन अधिकारी हाइनरिश येगरचे रणगाडे दबा धरून बसायचे, आणि तो थरार त्यांना पुढेही अपेक्षित असतो. त्रयीत त्याऐवजी वकिलाती आहेत, व्यापार आहे, संशोधन आणि गुप्तचरांचे डाव आहेत. 'गती मंदावली' ही तक्रार त्यामुळे सर्वाधिक ऐकू येते. तक्रार खोटी नाही, पण त्रयीचा विषयच तिच्या लक्षात आलेला नाही. युद्ध अनिर्णित संपल्यावर दोन जमातींनी एकाच ग्रहावर कसे राहायचे, हा या तीन पुस्तकांचा विषय आहे आणि आक्रमणकथांमध्ये तो फार क्वचित कोणी हाती घेतो. बहुतेक कथा शत्रू हरला किंवा जिंकला की मिटतात. टर्टलडव्ह त्यानंतर दोन दशकांनी काय होते ते लिहितात, म्हणून ही त्रयी मूळ मालिकेपेक्षा कमी थरारक असली तरी अधिक महत्त्वाची ठरते.

दुसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. कथन अनेक पात्रांच्या नजरेतून तुकड्यातुकड्याने पुढे सरकते. एक पात्र दिसले की पुन्हा भेटेपर्यंत बरीच पाने उलटलेली असतात, म्हणून लेखक प्रत्येक वेळी त्याची परिस्थिती, त्याचे दुखणे आणि त्याचा ठरलेला विचार नव्याने सांगतो. रान्स ऑरबाख या जखमी माजी सैनिकाच्या वेदनेची आठवण त्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात करून दिली जाते. सलग वाचणाऱ्याला याचा कंटाळा येतो. वर्षावर्षाने एकेक खंड हाती पडलेल्या वाचकाला तीच पुनरुक्ती सोयीची वाटली असेल, पण आता सगळे खंड एकत्र उपलब्ध असताना ती खटकते. थोडी काटछाट झाली असती तर पुस्तके निश्चितच सुधारली असती.

सुंठीचा प्रसंग बहुतेकांना आवडतो. रेसच्या जिभेला सुंठ म्हणजे जबरदस्त नशा, ही कल्पना पहिल्याच मालिकेत आली होती. तळहातावर चिमूटभर पूड घेऊन चाटणारा सरडा तिथे ओळखीचा झाला होता. त्या वेळी पृथ्वीवर फक्त नर आले होते. दुसऱ्या आरमाराबरोबर माद्या येतात आणि भलताच प्रकार उघड होतो. रेसमध्ये समागमाचा ठरावीक हंगाम असतो. माद्यांच्या गंधाने नर उद्दीपित होतात आणि उरलेल्या वर्षभर या विषयाचा कोणाला पत्ताही नसतो. सुंठ चाटलेली मादी मात्र कोणत्याही दिवशी तो गंध सोडू लागते. फेलेस ही विद्वान, आपल्या संयमाचा अभिमान असलेली संशोधक जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गमधील रेसच्या वकिलातीत या व्यसनात अडकते आणि वरिष्ठांपुढे तिची अब्रू जाते. एका मसाल्याने लाखभर वर्षांची समाजव्यवस्था हादरते. वसाहत करणाऱ्यालाच वसाहतीचे हवापाणी बदलून टाकते, हा इतिहासातला अनुभव लेखकाने जीवशास्त्रातून मांडला आहे. हाच धागा तिन्ही पुस्तकांत फार लांबला, असेही काहींना वाटते. वकिलातीतल्या प्रसंगांची पुनरावृत्ती पाहता त्यात तथ्य आहे, पण त्यामुळे मूळ कल्पनेचे मोल कमी होत नाही.

याहून खोल उतरते ती दोन संगोपनांची जोडी. रेसचा संशोधक ट्टोमाल्स मानवाची मुलगी जन्मापासून अंतराळयानात वाढवतो. तिचे नाव कॅस्क्विट. ती रेसचीच भाषा बोलते, त्यांच्यासारखी अंगावर रंग लावते, आणि बाळपणी हसणारा चेहरा कधी पाहिलाच नसल्याने तिला हसता येत नाही. तिकडे अमेरिकेत सॅम येगर हा माजी बेसबॉल खेळाडू सरकारच्या सांगण्यावरून रेसची दोन पिले घरी वाढवतो, मिकी आणि डॉनल्ड. कॅस्क्विटची घालमेल वाचकाला सहज दिसते, पण येगर दांपत्याच्या प्रेमळ घरातही नेमके तेच घडते आहे, हे उशिरा लक्षात येते. सॅमलाही ते उशिराच कळते. त्रयीचा हा भाग तिच्या विरोधकांनाही मान्य असतो. सॅमचा मुलगा जोनाथन आणि त्याची पिढी डोके भादरून, अंगावर रेसच्या हुद्द्यांचे रंग फासून, बोलण्यात जोर आणायला त्यांच्यासारखा खोकून फिरते, हे चित्रही अनेकांच्या लक्षात राहिलेले आहे. शत्रूची नक्कल करणारी तरुण पिढी प्रत्येक जिंकलेल्या किंवा अर्धवट जिंकलेल्या देशात दिसली आहे.

नाझी राइख 1962 मध्येही उभे असणे काही वाचकांना सोसत नाही. आक्षेपामागची भावना रास्त आहे, पण पुस्तके राइखला कुठेही उजळ करत नाहीत. पोलंडमधले ज्यू जर्मनांपेक्षा रेसचे राज्य पत्करतात, आणि ही निवड किती भयानक परिस्थितीतून आली हे मालिका विसरू देत नाही. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेट्टोतल्या उठावाचा नेता मोर्देखाय अनिएलेविच प्रत्यक्षात मे 1943 मध्ये वयाच्या चोविशीत मारला गेला. इथे तो चाळिशी ओलांडतो, संसार करतो आणि पोलंडमध्ये दडवलेल्या एका अणुबॉम्बची जबाबदारी वाहतो. त्याला दिलेले हे आयुष्य मालिकेतली सर्वांत हळवी गोष्ट आहे. 1965 मध्ये राइख पोलंडवर हल्ला करते, रेसकडून चिरडले जाते आणि फ्रान्स पुन्हा स्वतंत्र होतो.

'आफ्टरशॉक्स'मध्ये आरमारावरच्या हल्ल्याचे कोडे सुटते आणि सर्वाधिक वाद तिथेच होतो. हल्ला अमेरिकेने केलेला असतो, राष्ट्राध्यक्ष अर्ल वॉरन यांच्या आदेशावरून. वास्तवात वॉरन 1953 ते 1969 अमेरिकेचे सरन्यायाधीश होते आणि नागरी हक्कांच्या निकालांसाठी ओळखले जातात. त्यांच्याच नावावर हे कृत्य टाकल्याने धक्का अधिक बसतो. सॅम येगर सत्य शोधून काढतो. त्याने जपून ठेवायला दिलेली कागदपत्रे रेसमधून फुटून अमेरिकेच्या आश्रयाला राहिलेला अधिकारी स्ट्राहा रेसच्या ताब्यातील कैरोला घेऊन जातो. रेस वॉरन यांच्यापुढे दोन पर्याय ठेवते. अमेरिकेने अंतराळातले बळ सोडून द्यावे किंवा एक शहर नष्ट होऊ द्यावे. वॉरन इंडियानापोलिस देऊन टाकतात आणि नंतर आत्महत्या करतात. कोणताही समंजस शासक पहिलाच पर्याय घेईल, अशी रेसची खात्री असते. मानव आपले भविष्य वर्तमानातल्या लाखो जिवांपेक्षा मोठे मानतात, हे पाहून ते चक्रावतात.

सॅमने बरोबर केले का? निष्पाप, झोपेतल्या प्रवाशांची हत्या दडपणे हा गुन्हाच आहे आणि सॅमने तो उघड केला म्हणून तो नायक, असे एक मत आहे. देशाशी बेइमानी करून त्याने शहरभर माणसांचा बळी घेतला, असे दुसरे. लेखक निवाडा देत नाही, आणि तो न देण्यातच त्रयीचे बळ आहे. पानांच्या संख्येशी तुलना करता हा उलगडा आणि त्याचे परिणाम घाईत उरकले, ही तक्रार मात्र दोन्ही बाजूंचे वाचक करतात. इंडियानापोलिसनंतरच्या अमेरिकेला आणखी बरीच पाने मिळायला हवी होती.

'होमवर्ड बाउंड' या शेवटच्या भागाविषयी मते आणखी टोकाची आहेत. 'अॅडमिरल पिअरी' या अमेरिकन यानातून शीतनिद्रेत गेलेला सॅम 2031 मध्ये रेसच्या मायग्रहावर पोचतो. बरेचसे पुस्तक संवाद आणि वाटाघाटींनी भरलेले आहे. त्यामुळे थरार शोधणाऱ्यांनी ते कंटाळवाणे ठरवले, तर रेसच्या घरचे जग जवळून पाहायला मिळाल्याने इतरांनी त्याचे स्वागत केले. तेवढ्यात प्रकाशापेक्षा वेगाने जाणारे 'कमोडोर पेरी' हे मानवी यान तिथे येऊन थडकते आणि रेसची सगळी आघाडी एका दिवसात संपते. आपल्याच देशाच्या या नव्या यानावर सॅमला थंड वागणूक मिळते, कारण इंडियानापोलिस कोणी विसरलेले नसते. पुढे काय होणार, याची उत्सुकता वाढवून मालिका थांबते. तिला आणखी एक खंड हवा होता, या मुद्द्यावर तिचे चाहते आणि टीकाकार बरेचसे एकमत आहेत.