डर्ट बाइकचा एअर फिल्टर: धूळ धरते ते तेल

धुतलेला फोम फिल्टर उजेडाकडे धरला की छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. ती साधारण अर्धा मिलिमीटरच्या घरातली असतात. इंजिनला सर्वांत घातक धूळ मात्र 5 ते 20 मायक्रॉनची असते, म्हणजे छिद्राच्या मानाने अगदीच बारीक. त्यामुळे या फिल्टरला चाळणी म्हणण्यात अर्थ नाही. हवा फोमच्या जाळीतून वळणे घेत जाते. कणाला तितक्या चटकन वळता येत नाही, तो धाग्यावर आपटतो आणि तिथल्या तेलाला चिकटतो. धागा कोरडा असेल तर तोच कण उसळून पुढे कार्ब्युरेटरमध्ये जातो. आज धुण्याचे आणि तेल लावण्याचे जे नियम सांगितले जातात, ते हे तेल जागेवर टिकवण्याच्या धडपडीतून आलेले आहेत.

ही कल्पना मोटरसायकलवाल्यांची नव्हे. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची वाटी उघडून तळाचा गाळ काढलेल्या शेतकऱ्याला ती चांगली ठाऊक असते. वाटीत खुणेपर्यंत तेल असते. हवा वरून वेगाने खाली येते आणि तेलावर उलटी वळते, धूळ तेलात बसते आणि उरलीसुरली वरच्या ओल्या जाळीत अडकते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्येही हीच रचना होती, आणि महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत त्या जीपची जुळणी सुरू केली. पातळी कमी पडली तर धूळ सुटते आणि जास्त झाली तर इंजिन तेल ओढते. जी गाडी उड्या मारते आणि दिवसातून चारदा आडवी पडते, तिच्यावर अशी उघडी वाटी टिकणार कशी?

त्यामुळे सुरुवातीच्या स्क्रॅम्बल शर्यतींत (आजच्या मोटोक्रॉसचे, म्हणजे माळरानावरच्या मोटरसायकल शर्यतींचे, जुने रूप) फिल्टरच्या नावाने बहुधा आनंदच होता. इंग्लंडमध्ये 1924 साली कॅम्बर्लीच्या माळावर पहिली स्क्रॅम्बल झाली, तिथपासून बरीच वर्षे कार्ब्युरेटरला उघडे भोंग्यासारखे तोंड किंवा फार तर तारेची जाळी असायची. इंग्लंडच्या चिखलात ते खपून जाई. 500 सीसी मोटोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद 1957 मध्ये सुरू झाले, तेव्हाही खेळाचे माहेर युरोपच होते. प्रश्न खरा पेटला तो कॅलिफोर्नियात आणि मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात. 1967 मध्ये तिजुआना ते ला पाझ अशी पहिली मोठी बाहा शर्यत झाली, सुमारे 1,350 किमीची. पुढच्या गाडीने उडवलेली धूळ तासन्‌तास मागच्याच्या इंजिनात जाणार असेल तर उघडे तोंड म्हणजे आत्महत्याच. कागदी फिल्टरही तिथे कुचकामी ठरतो: धुळीने लवकर चोंदतो आणि भिजला की संपला.

कॅलिफोर्नियातूनच 1969 मध्ये के अँड एन कंपनीचा तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर आला. रस्त्यावरच्या गाड्यांत तो फार चालला. मातीत मात्र बाजी मारली फोमने, कारण फोमला खोली आहे. वरचा थर धुळीने भरला तरी आतला काम करत राहतो.

फोमचा इतिहास रंजक आहे. पॉलियुरेथेनचे रसायन ऑटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत बसवले, पण गादीच्या फोममधून इंजिनला श्वास घेता येत नाही, कारण प्रत्येक बुडबुड्याच्या भिंतीला पातळ पडदे असतात. हे पडदे काढल्यावरच नुसता सांगाडा उरतो. त्यासाठी फोमचा ठोकळा बंद टाकीत ठेवून हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणाचा भडका उडवतात. पडदे जळून जातात, धागे शाबूत राहतात. पुढे भरड आणि बारीक असे दोन थर चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. हा जोड लक्षात ठेवावा, कारण धुताना फिल्टर मरतो तो याच ठिकाणी.

सुरुवातीच्या काळात फोम धुऊन त्याला तेल लावण्याची रीत सरळ होती. होंडाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये फोम न पेटणाऱ्या द्रावणात धुऊन 80-90 ग्रेडच्या गिअर ऑइलमध्ये बुडवा आणि दाबून काढा, असे सांगितलेले असे. प्रत्यक्षात गॅरेजमध्ये धुलाई व्हायची पेट्रोलने आणि लावले जायचे हाताशी असेल ते इंजिन ऑइल. पेट्रोलने चिकटवलेले जोड सुटतात, शिवाय आगीची भीती आहेच. इंजिन ऑइल दोन दिवस उभ्या गाडीत खाली उतरते आणि फिल्टरचा वरचा भाग कोरडा पडतो. टू-स्ट्रोक तर कार्ब्युरेटरमधून मागे पेट्रोलची वाफ थुंकतो आणि तेवढ्या भागातले तेल धुऊन निघते. म्हणून फोमसाठी वेगळे चिकट तेल आले. त्यात द्रावक असतो. तो असेपर्यंत तेल पातळ असते आणि फोमभर पसरते, तो उडाला की डिंकासारखे धरून बसते. निळा, लाल किंवा हिरवा रंगही कामाचा आहे: कुठे फिके राहिले ते लगेच कळते.

फिल्टर काढण्याआधी एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, आसपासचा चिखल पुसून घ्यावा आणि काढताच इनटेकच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. फोम त्याला आधार देणाऱ्या पिंजऱ्यावरून उतरवून फिल्टर क्लीनरमध्ये किंवा रॉकेलमध्ये दाबत धुवावा, मग कोमट साबणाच्या पाण्यात. पाणी आतून बाहेर सोडावे, म्हणजे धूळ आली तशी परत जाते. पिळू मात्र नये, जोड तिथेच उसवतो. जैवविघटनशील तेल असेल तर त्याचाच क्लीनर वापरावा, रॉकेलने त्याचा चिकट लगदा होतो. सावलीत रात्रभर वाळवावा, कारण ओलसर फोमला तेल धरत नाही. मोठ्या मोटोक्रॉस फिल्टरला साधारण 70 ते 100 मिली तेल लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मळले की ते सगळीकडे पोचते. थेंब गळत असतील तर जास्त झाले: गाडी गुदमरते आणि थ्रॉटलला उशिरा उठते. द्रावक उडायला काही तास द्यावेत.

शेवटी कडेला ग्रीसची बारीक रेघ. पुढच्या वेळी फिल्टर उघडल्यावर आधी ही रेघ पाहावी. ग्रीसमधून आतल्या बाजूला तपकिरी ओहोळ गेलेला असेल, तर फिल्टर कितीही छान धुतलेला असो, धूळ कडेने शिरली आहे. बहुतेकदा फोम पिंजऱ्यावर वाकडा बसलेला असतो.

टू-स्ट्रोकच्या काळात अशा चुकीची किंमत रिंग, पिस्टन आणि क्रँकचे बेअरिंग होती. होंडाची सीआरएफ 450 आर 2002 च्या सुमारास आली तीच टायटॅनियमच्या इनटेक व्हॉल्व्हसकट, आणि हिशेब बदलला. या व्हॉल्व्हवरचा कठीण थर फार पातळ असतो. धुळीने तो घासला की व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो टेकतो त्या कड्यात, धसतो, क्लिअरन्स (व्हॉल्व्हवर ठेवलेली बारीक फट) कमी होते आणि गाडी गरम असताना किक मारून मारून पाय दुखतो. ही फट जुळवणारी शिम नावाची चकती बदलून काही दिवस निघतात, मग सिलिंडर हेडचेच काम निघते. यामाहाने 2010 च्या वायझेड 450 एफ मध्ये सिलिंडर हेड उलटे फिरवून एअरबॉक्स पुढे टाकीजवळ नेला, मागच्या चाकाच्या माऱ्यापासून दूर. देखभाल त्याने टळली नाही.

आपल्याकडच्या रोजच्या बाइक घाटात किंवा ट्रेलवर नेणाऱ्यांसाठी एकच पुस्ती. बहुतेकांत कागदी फिल्टर असतो, काहींत कारखान्यातच तेल मुरवलेला. तो धुवायचा नाही, वरून तेल ओतायचे नाही, तेल मुरवलेला असेल तर कंप्रेसरची हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा.