युक्रेनची सरकारी खरेदी खरंच बंद दाराआड होते का?

"युक्रेनमध्ये सरकारी पैसा कुठे जातो, हे बाहेरच्या कुणालाच कळू शकत नाही," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तिथल्या भ्रष्टाचाराच्या बातम्या वाचणाऱ्याला तो पटणं स्वाभाविक आहे. पण तो खरा नाही.

२०१६ पासून तिथली बहुतेक सरकारी खरेदी 'प्रोझोरो' या ऑनलाइन प्रणालीतून होते. या शब्दाचा अर्थच 'पारदर्शकपणे'. लिलाव उलटा चालतो, तीन फेऱ्यांत पुरवठादार दर खाली आणतात. तोवर नावं झाकलेली असतात. लिलाव संपला की कुणी किती दर भरला, सगळं खुलं.

म्हणून भ्रष्टाचार संपला का? नाही. पण तो पकडायला धागा मिळतो. एक जुनी चलाखी बघा. वीज किंवा गॅसचं कंत्राट स्वस्त दरात जिंकायचं, मग बाजारभाव वाढल्याचं सांगून पुरवणी करार करत राहायचं. एकेक वाढ १० टक्क्यांपर्यंतच असायची, पण अशा चार झाल्या की १०० चा दर १४६ वर जायचा. हे सगळे करार प्रोझोरोवर त्या टेंडरच्या पानावरच दिसतात.

स्वतः पाहायचं तर प्रोझोरोच्या साइटवर टेंडर क्रमांक टाकून शोधा, तो 'UA' (यूए) आणि तारखेने सुरू होतो. भाषेची अडचण ब्राउझरच्या भाषांतराने सुटते. बोली किती आल्या, मूळ दर काय, पुरवणी करार किती, एवढं बघा. एकच बोली दिसली म्हणजे चोरी झाली असं नव्हे, पण प्रश्न विचारायला जागा नक्की आहे.

संरक्षण खरेदीचा बराच तपशील मात्र युद्धामुळे झाकलेला असतो. तिथे ही पडताळणी पुरत नाही.