२५ जून (दिनविशेष)

२५ जून हा ग्रेगरीय दिनदर्शिकेतला १७६ वा, लीप वर्षात १७७ वा दिवस. महाराष्ट्रात या सुमारास मृग सरून आर्द्रा लागलेल्या असतात, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि परिपाठाआधी एखादा विद्यार्थी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने ‘दिनविशेष’ लिहीत असतो. एकाच तारखेला वेगवेगळ्या वर्षी घडलेल्या घटना, जन्म आणि मृत्यू शेजारी शेजारी मांडण्याची ही रीत शाळेच्या फळ्याइतकीच वर्तमानपत्रांनी आणि आकाशवाणीनेही रुजवली. फळ्याच्या कोपऱ्यात जेमतेम दोन-तीन ओळी मावतात. २५ जूनला त्या पुरत नाहीत. भारताचा पहिला कसोटी सामना (१९३२), आणीबाणीची घोषणा (१९७५) आणि क्रिकेटचे पहिले विश्वविजेतेपद (१९८३) या तिन्ही घटना याच तारखेच्या आहेत.

आपल्याकडे दिवस मोजायच्या दोन पद्धती शेजारी नांदतात. आषाढी एकादशी, रामनवमी तिथीने येतात. दिनविशेष मात्र तारखेने चालतो. जुन्या काळातल्या घटनांच्या बाबतीत या दोन पद्धतींचा मेळ घालताना वाद होतात; शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला. २५ जूनच्या मुख्य नोंदी विसाव्या शतकातल्या असल्याने तारखेबद्दल तसा प्रश्न येत नाही. अपवाद एकच, १९७५ चा, आणि तोही मध्यरात्रीच्या काट्यामुळे.

लॉर्ड्सवरचे दोन शनिवार

२५ जून १९३२ हा शनिवार होता. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर त्या दिवशी भारताने आपला पहिला कसोटी सामना सुरू केला. कर्णधार होते नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू, इंग्लंडचे कर्णधार डग्लस जार्डिन. दौऱ्याचे अधिकृत नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते. पण त्यांनी स्वतः बाजूला होऊन नायडूंना पुढे केले, आणि संस्थानिकांचा वरचष्मा असलेल्या त्या काळच्या क्रिकेटमध्ये ही गोष्ट लहान नव्हती. इंग्लंडने प्रथम फलंदाजी घेतली. मोहम्मद निसारने होम्स आणि सटक्लिफ या दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले, वूली धावचीत झाला आणि धावफलक ३ बाद १९ असा दिसू लागला. पुढे जार्डिनने ७९ धावा करून डाव सावरला, इंग्लंड २५९ वर आटोपले. निसारने ९३ धावांत ५ बळी घेतले. भारताचे डाव १८९ आणि १८७ धावांत संपले, सामना १५८ धावांनी गेला. दुसऱ्या डावात अमरसिंगने केलेल्या ५१ धावा हे भारताचे कसोटीतले पहिले अर्धशतक.

या सामन्यातले एक नाव मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे, असे या नोंदकर्त्याला मनापासून वाटते: जनार्दन नवले. पुण्याजवळच्या फुलगावचा हा माणूस संघाचा यष्टिरक्षक होता. इंग्लंडचा सगळा डाव यष्टीमागे वाकून काढल्यावर त्याने हातमोजे उतरवले, पॅड बांधले आणि नावमल जेऊमलबरोबर तो सलामीला उतरला. कसोटी क्रिकेटमध्ये भारताच्या वतीने खेळला गेलेला पहिला चेंडू नवलेने खेळला. त्याच्या धावा झाल्या १२ आणि १३. आकड्यांच्या यादीत त्या हरवून जातात, म्हणून दिनविशेषात त्याचे नाव यायला हवे. नवले १९७९ मध्ये पुण्यात वारले. त्यांच्यामागे चारच वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच तारखेला जे घडले, ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

२५ जून १९८३, पुन्हा शनिवार, पुन्हा लॉर्ड्स. साठ-साठ षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात समोर क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडिज संघ होता, आणि त्याने आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेले होते. भारत ५४.४ षटकांत १८३ धावांत गारद झाला. सर्वाधिक ३८ धावा श्रीकांतच्या. संदीप पाटीलने २७ आणि मोहिंदर अमरनाथने २६ धावा काढल्या, सुनील गावसकर २ वर परतले होते. शेवटच्या जोडीची कामगिरी सहसा सांगितली जात नाही. मुंबईच्या बलविंदरसिंग संधूच्या हेल्मेटवर मार्शलचा उसळता चेंडू आदळला, तरी तो उभा राहिला आणि सय्यद किरमाणीबरोबर त्याने २२ धावा जोडल्या. सामना ४३ धावांनी जिंकला हे पाहता त्या २२ धावांचे मोल कळते. मग याच संधूने ग्रिनिजला चकवले. चेंडू बाहेर जाणार म्हणून ग्रिनिजने बॅट वर घेतली आणि चेंडू आत येऊन यष्ट्यांवर गेला.

तरीही रिचर्ड्स खेळत होता तोवर सामना वेस्ट इंडिजचाच होता. त्याने २८ चेंडूंत ३३ धावा कुटल्या होत्या. मदनलालचा एक चेंडू त्याने हुक केला तो मिडविकेटच्या वर उंच उडाला. झेलाखाली जाण्यासाठी कपिल देव पाठमोरा धावत सुटला, नजर खांद्यावरून चेंडूवर, पाय सीमारेषेकडे, आणि धावता धावताच त्याने चेंडू दोन्ही हातांत घेतला. ३ बाद ५७. तिथून ६ बाद ७६. दुजाँ आणि मार्शलने ४३ धावा जोडून भारताचा जीव पुन्हा टांगणीला लावला. ती जोडी अमरनाथने फोडली. अखेर होल्डिंग पायचीत झाला आणि वेस्ट इंडिजचा डाव १४० वर संपला. १२ धावांत ३ बळी घेणारा मोहिंदर अमरनाथ सामनावीर ठरला. भारतात तेव्हा रात्र झाली होती.

तेव्हाच्या क्रिकेट मंडळाकडे खेळाडूंना घसघशीत बक्षीस द्यायला पैसा नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये देता आले. मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे होते. विश्वचषक इंग्लंडबाहेर नेण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि १९८७ ची स्पर्धा भारत-पाकिस्तानात झाली.

१९७५ ची रात्र

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी २५ जूनला, दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली आणि त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घटनेच्या ३५२ व्या कलमाखाली ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देणाऱ्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला हे कळले पहाटे. देशाला कळले २६ च्या सकाळी, रेडिओवरून. म्हणून जुन्या पिढीतली बरीच माणसे आणीबाणीची तारीख २६ जून सांगतात. त्यांचेही चुकत नाही. त्यांच्यापुरती ती सकाळीच लागू झाली. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज मात्र रात्रीच तोडली गेली होती.

मधु दंडवते, वाजपेयी आणि अडवाणी हे विरोधी नेते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते, त्यांना तिथेच अटक झाली. मृणाल गोरे भूमिगत झाल्या, पुढे त्याही पकडल्या गेल्या. डिसेंबरमध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी उघडपणे प्रार्थना केली. मराठी साहित्याच्या व्यासपीठावर इतके धैर्य क्वचितच दिसले असेल. दुर्गाबाईंना पुढे तुरुंगवास घडला. आणीबाणी २१ मार्च १९७७ ला उठली. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ असे शब्द घातले गेले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला.

पुण्याच्या इतिहासातही ही तारीख आहे, आणि तिची आठवण कमी काढली जाते. २५ जून १९३४ रोजी हरिजन यात्रेवर असलेले महात्मा गांधी नगरपालिकेच्या सभागृहात भाषणासाठी निघाले असताना त्यांची मोटार समजून दुसऱ्याच मोटारीवर बाँब टाकण्यात आला. गांधीजी मागच्या मोटारीत असल्याने वाचले, इतर काही जण जखमी झाले. अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर हा हल्ला झाला, हे पुण्याने विसरू नये.

इतरत्र

१८७६ मध्ये अमेरिकेच्या मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटले. १९९१ मध्ये क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाने युगोस्लाव्हियातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. आणीबाणी पुकारली गेली त्याच दिवशी, २५ जून १९७५ ला, मोझांबिक पोर्तुगालच्या राजवटीतून स्वतंत्र झाला. तिथे गोवेकरांची जुनी वस्ती होती, आणि राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार आकिनु द ब्रागांसा हे मूळचे गोव्यातल्या बारदेशचे.

फुटबॉलमध्ये १९७८ चा विश्वचषक अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ असे हरवून याच दिवशी जिंकला. १९८२ ची नोंद कटू आहे. स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध दहाव्या मिनिटाला गोल केला. १-० या निकालाने दोन्ही संघ पुढे जाणार होते, त्यामुळे उरलेला वेळ त्यांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. एक दिवस आधी आपला सामना खेळून बसलेला अल्जेरिया बाहेर फेकला गेला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जातात.

जन्म आणि मृत्यू

बार्सेलोनाचे वास्तुकार अंतोनी गाउदी (१८५२), भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन (१९००), बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल (१९०३) आणि देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी (१९०८) हे सगळे २५ जूनचे. संगीतकार मदनमोहन यांचा जन्म १९२४ मध्ये बगदादला झाला. लताबाई त्यांना ‘मदनभैया’ म्हणत, आणि हिंदी चित्रपटातल्या गझलेचा विषय निघाला की या जोडीपासूनच सुरुवात करावी लागते.

विश्वनाथ प्रताप सिंह यांचा जन्म १९३१ चा. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मरणोत्तर भारतरत्न, या दोन्ही गोष्टी त्यांच्या पंतप्रधानपदाच्या वर्षभराच्या काळातल्या, १९९० च्या. २७ नोव्हेंबर २००८ ला ते गेले तेव्हा मुंबईत हल्ला चालू होता, त्यामुळे त्यांच्या मृत्यूची बातमी जवळजवळ झाकली गेली. २००९ मध्ये या तारखेला लॉस एंजेलिसमध्ये मायकेल जॅक्सन वारला. १९९६ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याचा कार्यक्रम झाला होता.

२०११ पासून २५ जून हा आंतरराष्ट्रीय नाविक दिन म्हणून पाळला जातो. आदल्या वर्षी मनिला येथील परिषदेत तो ठरला. बोटीवर नोकरीला गेलेली माणसे कोकणात गावोगाव आहेत, आणि ऐन पावसात येणारा हा दिवस तिथल्या घरांचाही आहे.